मित्ररावाचा कान

समीर बावडेकरने नोकरी दिली त्याच दिवशी केतकी हुद्दारने मनाशी ठरवून टाकलं होतं, की या माणसाचं मीठ खायचं आणि तेच त्याच्या जखमेवर चोळायचं. जखम अजून व्हायची होती, एवढीच काय ती अडचण होती.

"वहिनी, परकेपणा धरू नका," समीर म्हणाला होता. "हृषीच्या माघारी तुम्ही आणि शाल्मली माझी जबाबदारी. अगदी घरचं समजा."

"हो भावजी," केतकी म्हणाली आणि सही करून टाकली.

हृषीकेश तिचा नवरा. तो आणि समीर मिरजेच्या नानाबुवांचे शिष्य, एकाच सतरंजीवर बारा वर्षं बसलेले गुरुबंधू. गळा हृषीकेशकडे होता आणि बोलायची हातोटी समीरकडे. पुढे समीरने कोल्हापुरात संगणकावरचे खेळ तयार करणारी कंपनी काढली आणि 'नक्षत्रवाट' नावाचा अवकाशातला खेळ रचायला घेतला. खेळाडूला एक छोटं यान मिळायचं, त्याला सगळे होडी म्हणायचे. त्या होडीतून चारशे बारा ग्रहांवर वाटेल तसं भटकायचं, वाटेल त्याच्याशी मैत्री करायची, वाटेल तिथे घर बांधायचं. प्रत्येक ग्रहाला स्वतःचा सूर होता. ग्रहावरच्या वाऱ्याचा वेग, हवेचा दाटपणा, दगडांची ऊब यांवरून त्याचा आधारस्वर काढायची रीत हृषीकेशने बसवली होती. तीन वर्षं तो त्यात बुडालेला होता. खेळ बाहेर आला तेव्हा नामावलीत 'संगीत' या शब्दापुढे मात्र समीर बावडेकर एवढेच शब्द होते.

हृषीकेश तेव्हा दवाखान्यात होता. दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. खोलीतल्या टीव्हीवर बक्षीस समारंभ चालू होता. समीरने मानचिन्ह घेतलं, उजव्या हाताची बोटं कानाच्या पाळीला लावली आणि गहिवरून म्हणाला, "ही सगळी नानाबुवांची कृपा. बाकी माझं काही नाही."

गुरूचं नाव तोंडी आलं की गाणाऱ्या माणसाचा हात कानाकडे जातो, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यात वावगं काही नाही. पण त्या दिवशी केतकीला तो हात दिसला आणि तिच्या पोटात आग पेटली.

"कृपा बुवांचीच," हृषीकेश हळूच म्हणाला. "पण सूर माझे होते ना गं?"

त्यानंतर अकराव्या दिवशी तो गेला. केतकीने डूख धरला तो तेव्हापासून.

खेळ सुरुवातीला चालला तो नाव मोठं म्हणून. मग लोक कंटाळले. चारशे बारा ग्रह आहेत, पण जिवाभावाचं बोलायला एक माणूस नाही, असं जो तो लिहायला लागला. परभणीच्या एका पोस्टमनने लिहिलं होतं, "दोन तास चाललो, तीन दगड दिसले. दगड आमच्या शिवारात काय कमी आहेत का?" केतकीचं काम या प्रतिक्रिया वाचायचं आणि त्यांवरून नवी पात्रं लिहायचं. आधी ती नभोवाणीसाठी श्रुतिका लिहायची, त्यामुळे माणसाच्या तोंडी शब्द घालणं तिला जमत होतं.

त्याच सुमाराला भालपट्टी आली. कपाळाला बांधायची, दोन बोटं रुंदीची मऊ पट्टी. कातडीवरचा ओलावा, नाडीचे ठोके आणि कडेच्या बारीक कॅमेऱ्यातून डोळ्यांच्या बाहुल्यांचं लहानमोठं होणं या तीन गोष्टी ती टिपायची. माणूस लिहिताना खोटं लिहितो, चारचौघांत दिसायचं म्हणून बरंवाईट बोलतो, पण घाम खोटा फुटत नाही. एखादी गोष्ट आवडली की नाही हे मनाला कळायच्या आधी, अर्ध्या सेकंदाच्या आत, शरीराला कळलेलं असतं. भालपट्टी ते उचलायची आणि 'सारथी' नावाच्या प्रणालीला पोचवायची. सारथी त्या त्या खेळाडूसाठी खेळ जागच्या जागी बदलायचा. जे पाहून अंग शहारलं ते वाढवायचं, ज्याने काहीच झालं नाही ते काढून टाकायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. अंगावर आलेला काटा प्रेमाचा की रागाचा, हे त्याला कळत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

केतकीला ते पहिल्याच आठवड्यात उमगलं. तिने मित्रराव लिहायला घेतला.

मित्रराव म्हणजे वाटेत भेटणारा गोडबोल्या वाटाड्या. तो तुमची होडी दुरुस्त करून देतो, वादळात आसरा देतो, तुम्ही त्याला भाऊ म्हणायला लागता. मग क्षारा नावाच्या ग्रहावर, जिथे श्वास घ्यायला हवा नाही अशा दरीत, तो तुमच्या सोबत्याच्या पाठीवरची हवेची टाकी काढून घेतो आणि निघून जातो. केतकीने त्याला समीरच्या पाच सवयी दिल्या. समीरचा तोंडवळा देणं शक्य नव्हतं, वकील मागे लागले असते. सवयींवर कुणाचा हक्क नसतो. सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसणं, डावा पाय किंचित ओढत चालणं, "अगदी घरचं समजा" म्हणणं, बोलता बोलता मधेच छताकडे पाहणं, आणि घात करण्याआधी कानाच्या पाळीला बोटं लावून "ही थोरांची कृपा" म्हणणं.

महिन्याभरात सारथीने चार सवयी गाळून टाकल्या. चष्म्याने कुणाच्या नाडीला फरक पडत नव्हता आणि पायाने तर मुळीच नाही. उरला तो कानाला लागणारा हात. तो हात वर गेला की साठ लाख खेळाडूंच्या कपाळांना एकदम घाम फुटायचा. मग सारथीने मित्ररावाला सोडलंच नाही. कुणाचं पाळलेलं कुत्रं त्याने पळवलं, कुणाचं घर जाळलं, कुणाच्या नवरीला वरात दारात असताना घेऊन गेला. ज्याला जे जिव्हाळ्याचं, त्याचा तो घास घ्यायचा, आणि दर वेळी आधी कानाला हात लावायचा.

प्रतिक्रियांचा पूर आला. गोंदियाच्या एका बाईंनी लिहिलं, "हा मेला मले सपनातही दिसते. भेटला तं सोडत नाही त्याले." कागलच्या पैलवानाने लिहिलं, "लई गोड बोलतंय बेनं. त्येचा हात कानाकडं गेला की माझी मूठच वळती." केतकी ते वाचायची आणि तिला दोन घास जास्त जायचे. पात्राचा परिणाम नीट तपासता यावा म्हणून ती स्वतःही पट्टी बांधून रोज चार तास खेळायची. तीन वर्षं खेळली. मित्ररावाचा हात वर गेला की तिच्या आलेखाचा काटा सगळ्यांच्या वर जायचा आणि तिला त्याचा अभिमान वाटायचा.

पुढचं घडायला वेळ लागला नाही. ताटलीचा आवाज आला की मांजर धावत येतं, ते काही विचार करून येत नाही. अंगाला लागलेली खोड तशीच असते. दोन दोनशे तास खेळलेल्या माणसांच्या अंगाने एक गोष्ट पाठ केली होती आणि ते अंग घेऊनच ती माणसं घराबाहेर पडत होती.

समीर एका महाविद्यालयात प्रमुख पाहुणा म्हणून गेला, तेव्हा केतकी मुद्दाम तिसऱ्या रांगेत बसली. तो छान बोलत होता, पोरं हसत होती. मग तो म्हणाला, "मी घडलो तो नानाबुवांमुळे," आणि त्याचा हात कानाकडे गेला. सभागृह गार पडलं. कुणी ओरडलं नाही की शिट्टी मारली नाही. नुसते चेहरे मिटले. समोरच्या मुलीने ओढणी सारखी करत नजर वळवली. पुढचं भाषण त्याने भिंतींना ऐकवलं. केतकीला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तिने तो स्वतःशी कबूलही केला.

वर्षभरात समीरचं पाणी उतरलं. मुलाखती बंद झाल्या. भागीदार म्हणाले, माणूस वाईट नाही, पण का कोण जाणे, विश्वास बसत नाही. तो खंगला. एकदा केतकीच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही खरं सांगाल म्हणून विचारतो. माझं काय चुकतंय?"

"काही नाही भावजी," केतकी म्हणाली. "वय झालं की होतं असं."

सूड साधला होता. केतकी तिथे थांबली असती तर बरं झालं असतं, पण थांबणं आता तिच्या हातात राहिलं नव्हतं, सारथीच्या हातात होतं.

शाल्मली, तिची मुलगी, बावीस वर्षांची. वडिलांचा गळा घेऊन आलेली आणि नानाबुवांची अखेरची शिष्या. त्या वर्षी ती तीन स्पर्धांत गायली आणि तिन्हींत पडली. परीक्षक एकच सांगायचे, की तयारी उत्तम आहे, पण ऐकणाऱ्यांशी नातं जुळत नाही. घरी येऊन ती तानपुऱ्याच्या तारा उगाचच पुसत बसायची. "आता देवल क्लबातली बैठक शेवटची," एकदा ती म्हणाली. "तीही अशीच गेली तर मी गाणं सोडणार. लोकांना नकोशी वाटत असेन तर कशाला त्यांच्या गळ्यात पडू?"

केतकीने परीक्षकांना शिव्या घातल्या. दुसरं काही तिच्या डोक्यात आलं नाही. डूख धरलेल्या माणसाला एकच तोंड दिसतं.

बैठक रविवारी सकाळची होती. केतकी पुढेच बसली. शाल्मलीने नऊवारी नेसली होती, नाकात आजीची नथ. तिने तानपुरे जुळवून घेतले, समोरच्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "माझे गुरू नानाबुवा आणि माझे वडील, यांच्या आठवणीने सुरुवात करते." आणि तिची बोटं कानाच्या पाळीला लागली.

केतकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. जीभ कडवट झाली, मूठ वळली. समोर बसलेली ही पोरगी खोटारडी आहे, हिच्यावर भरवसा ठेवू नये, असं तिला लख्ख वाटून गेलं. अर्धा सेकंदच, पण वाटलं. पोटच्या पोरीबद्दल वाटलं.

तिने मागे वळून पाहिलं. रांगच्या रांग चेहरे मिटलेले होते. शाल्मली सुंदर गायली, आणि टाळ्या पडल्या त्या रीतीपुरत्या.

घरी आल्यावर केतकी म्हणाली, "तू कानाला हात लावत जाऊ नकोस."

"गुरूचं नाव घेताना?" शाल्मलीने नथ काढता काढता विचारलं. "मला लहानपणी बाबांनीच शिकवलंय ते. का नको लावू?"

केतकीने सांगितलं. लपवून ठेवणं आता शक्यच नव्हतं. मित्रराव कुणावरून केला, का केला, पाच सवयींतल्या चार कशा गळाल्या, सगळं सांगितलं. शाल्मली रडली नाही. ओरडलीही नाही. तिने उठून जुनी टॅब्लेट आणली आणि एक चित्रफीत लावली. त्यात हृषीकेश याच खोलीत बसला होता. त्याने पेटीचा भाता सोडला, कानाला बोटं लावली, "नानाबुवा" म्हणाला आणि हसत कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्यामागे केतकीच होती.

तिची मूठ वळली. तिने तोंड फिरवलं.

"बघ," शाल्मली म्हणाली. "ती सवय समीरकाकांची नव्हतीच गं. बुवांची होती. बाबांची होती. काकांची म्हणावी अशी एकसुद्धा गोष्ट त्या यंत्राने ठेवली नाही, आणि तुझ्या लक्षात आलं नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते हेच. केतकी त्या संध्याकाळी जेवली नाही.

उपाय एकच होता आणि तो तिला चांगलाच ठाऊक होता. अंगाने शिकलेलं अंगालाच विसरायला लावावं लागतं. तो हात वर गेल्यावर काहीतरी चांगलं घडायला हवं, असं चांगलं की साठ लाख लोकांच्या घशात आवंढा यावा. पुन्हा पुन्हा यावा. म्हणजे मित्ररावाला माणसात आणायचं. आणि मित्रराव माणसात आला, की समीर बावडेकरही त्याच दारातून आत येणार होता. केतकीने आठवडाभर स्वतःशी भांडण केलं. मग तिने नवा अध्याय लिहिला आणि कागद घेऊन समीरच्या खोलीत गेली.

समीरने वाचलं. अध्यायात मित्रराव क्षाराच्या त्याच दरीत परत येतो, पाठीवरची हवेची टाकी काढून खेळाडूच्या सोबत्याला बांधतो आणि मरता मरता कानाला हात लावून बोलतो. त्याचे शब्द होते, "या ग्रहांचे सूर माझे नाहीत. ते हृषीकेश हुद्दारचे आहेत. मी त्याचं नाव गिळलं." खाली लिहिलं होतं, की खेळाच्या सुरुवातीच्या नामावलीतही तसा बदल करावा.

समीरने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग त्याला कळत गेलं. कॉलेजातलं सभागृह, मिटलेले चेहरे, पोरीची सावरलेली ओढणी.

"म्हणजे हे सगळं तुम्ही केलंत," तो म्हणाला.

"मी केलं."

"मी पोलिसांत जाईन."

"जा की. काय सांगाल? एका खेळातल्या पात्राने कानाला हात लावला म्हणून?"

"आणि मी यावर सही नाही केली तर?"

"तर मित्रराव पुढच्या ग्रहावरही येईल."

समीर मूर्ख नव्हता. त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "वहिनी, शाल्मलीही त्याच कानाला हात लावते. तुम्ही फार दिवस थांबू शकणार नाही."

"लावते ना," केतकी म्हणाली. "म्हणूनच आले. नाहीतर तुम्हाला या नरकातून ओढून काढायला मी आले असते असं वाटतं का तुम्हाला? तुमची गरज मला आहे आणि माझी तुम्हाला. पण हृषीचं नाव आल्याशिवाय एक अक्षर बदलणार नाही."

त्याने सही केली. केतकीने ती नीट पाहून घेतली.

अध्याय बाहेर पडला आणि सारथीने त्याला दोन्ही हातांनी उचलून धरलं. लोकांना रडायला आवडतं, तितकं रागावायलाही आवडत नाही. गोंदियाच्या बाईंनी लिहिलं, "मेल्याने मले रडवलं न् बाप्पा." कागलचा पैलवान अकरा वेळा त्या दरीत जाऊन आला. प्रत्येकाला मित्रराव वेगवेगळ्या तऱ्हेने वाचवत होता, कुणाचं कुत्रं परत आणत होता, कुणाचं जळकं घर उभं करत होता, आणि आधी कानाला हात लावत होता. सहा महिन्यांत साठ लाख अंगं नवं शिकली. हृषीकेश हुद्दार हे नाव घराघरांत गेलं.

समीरचं काय झालं, तेही सांगायला हवं. त्याने पत्रकार बोलावले, भरल्या गळ्याने चूक कबूल केली, आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की असं मन लाखात एकाकडे असतं. त्याच्याकडे पूर्वीपेक्षा दुप्पट सत्कार आले. केतकीने दातओठ खाल्ले. नाव मिळालं होतं, त्याची किंमत ही होती.

राहिली केतकी. तिने पट्टी बांधून तो अध्याय खेळून पाहिला. एकदा, दहादा, चाळीसदा. मित्ररावाचा हात वर गेला की काटा तिथेच जायचा, जिथे तीन वर्षं जात होता. आपण आपल्याला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही, कारण हात कुठे लागणार हे अंगाला आधीच ठाऊक असतं. मरणाऱ्या मित्ररावाचा प्रत्येक शब्द केतकीनेच लिहिला होता, त्यामुळे तो तिला रडवू शकत नव्हता. तिचा तिरस्कार मात्र लिहिलेला नव्हता. तो दवाखान्यातल्या त्या खोलीतून आलेला होता, म्हणून तो तिच्या अंगात खरा रुजला होता.

पुढच्या बैठकीला ती पुन्हा पुढे बसली. शाल्मलीने कानाला हात लावला आणि अख्खं सभागृह हळवं झालं, मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी तर डोळे पुसले. केतकीने सतरंजीकडे पाहिलं. क्षणभर उशीर झाला. शाल्मलीने आईचा चेहरा पाहिला होता.

घरी परतताना रिक्षात शाल्मली म्हणाली, "आई, तुझा राग नाही आला मला. पण तू समोरून असं बघितलंस की माझा सूर हलतो."

"मग?"

"पुढच्या वेळी तू बाहेर बसशील का? गाणं बाहेरही ऐकू येतं."

सांगलीच्या बैठकीला केतकी बाहेरच्या पायरीवर बसली, चपलांच्या शेजारी. आत तानपुरे जुळले. शाल्मलीचा आवाज आला, "माझे गुरू नानाबुवा, आणि माझे वडील हृषीकेश हुद्दार," आणि मग थोडी शांतता झाली. आत काय चाललं आहे ते केतकीला न पाहता कळलं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले, तरी तिच्या अंगावर काटा आला.